पायावरचे रेशीम

(गोंदिया जिल्ह्यातील बचत गटांच्या कार्यकर्त्या आणि अंगणवाडी सेविका यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेले भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून थोडे संपादन केले आहे.)

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे विषय लिहिला आहे 'रेशमी मोजे'. सकाळी चहाच्या वेळी एक ताई मला म्हणाल्या, "मॅडम, आमच्या पायाला सुती मोजे नाहीत, तुम्ही रेशमी कुठले काढलेत?" त्यांचं म्हणणं खरं आहे. धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात रोवणी करणाऱ्या बाईला रेशमी मोज्यांचं काय कौतुक?

तरीही मी ही गोष्ट सांगायचं ठरवलं, कारण आपल्याकडे आज एक प्रश्न अडून बसला आहे. कोशापासून धागा काढायचं मशीन गावात येतं, ते कुणाच्या नावावर येतं, कुणाच्या घरात राहतं आणि त्याच्या कमाईचा हिशेब कोण ठेवतं? हा प्रश्न आपल्याला नवा वाटतो. पण चारशे वर्षांपूर्वी रेशमी मोजे विणणारं यंत्र निघालं तेव्हापासून तो सुरूच आहे. त्या बायांचं काय झालं हे कळलं, तर आपण तीच ठेच पुन्हा खाणार नाही.

बोटं तिची, नाव त्याचं

इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकात मोजे हातानं, सुयांवर विणत. घरोघरच्या बाया, पोरं, म्हातारी माणसं विणत. त्यावर कितीतरी गरीब घरं चालत. रेशमी मोजे मात्र फक्त राजाराणी आणि सरदारांसाठी. एक लक्षात ठेवा, त्या काळी रेशमी मोजे मिरवायचे ते पुरुष. त्यांची विजार गुडघ्याशी संपे, खाली पोटरीवर रेशीम चमके. बायांचे पाय घोळदार झग्याखाली झाकलेले. रेशमी मोजा हे खास 'बायकी' नखऱ्याचं लक्षण झालं ते फार पुढे, 1920 नंतर झगे आखूड झाले तेव्हा.

1589 साली नॉटिंगहॅमशायर परगण्यातल्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली नावाच्या पाद्र्यानं मोजे विणायचं यंत्र तयार केलं. हातानं विणताना सुईवर एका वेळी एकच टाका पडतो. लीनं प्रत्येक टाक्याला स्वतंत्र आकड्याची सुई दिली, त्यामुळे अख्खी ओळ एकदम विणून निघू लागली. पहिलं यंत्र जाड लोकरीचं होतं, इंचाला 8 सुया. पुढे त्यानं इंचाला 20 सुया बसवल्या आणि त्यावर रेशमी मोजे निघू लागले.

लीला हे सुचलं कसं, याच्या दोन दंतकथा आहेत. एक अशी की त्याची प्रेयसी सदानकदा विणत बसे, त्याच्याशी बोलायला तिला सवड नसे, म्हणून त्यानं चिडून यंत्र केलं. दुसरी अशी की बायकोच्या विणकामावर त्याचं घर चाले आणि तिचे कष्ट त्याला बघवेनात. खरं काय ते देव जाणे. पण दोन्ही कथांमध्ये बाई काय करते आहे? विणते आहे. आणि पुरुष तिच्या बोटांकडे बघतो आहे. बोटं तिची, यंत्राला नाव त्याचं! तिचं नाव मात्र कुठल्याच कथेत नाही.

राणी एलिझाबेथनं या यंत्राला परवाना दिला नाही. हातानं विणणाऱ्या गरिबांची रोजी जाईल म्हणून तिनं नकार दिला असं सांगतात. शेवटी ली फ्रान्सला गेला आणि तिकडेच वारला. पण यंत्र काही थांबलं नाही. त्याच्या भावानं ते इंग्लंडला परत आणलं आणि पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत नॉटिंगहॅम, लेस्टर, डर्बी या भागांत घरोघरी यंत्रं बसली.

भाड्याचं यंत्र

आता नीट ऐका. यंत्र घरात होतं, पण घरातल्या माणसांचं नव्हतं. ते असे व्यापाऱ्याचं, दलालाचं. विणकर दर आठवड्याला त्याचं भाडं भरी. काम असो नसो, सूत मिळो न मिळो, भाडं मजुरीतून कापून घेतलं जाई. यंत्रावर बसे तो पुरुष. त्याची बायको सूत गुंडाळून देई, सपाट विणलेला कपडा शिवून त्याचा मोजा करी, घोट्यावर नक्षी भरी. लहान पोरं फिरकीवर सूत भरत. मजुरी मिळे ती पुरुषाच्या हातात, त्याच्या नावावर. बायको आणि पोरांचे तास त्याच मजुरीत जिरून जात.

1811 पासून नॉटिंगहॅमच्या विणकरांनी रात्री जाऊन यंत्रं फोडायला सुरुवात केली. त्यांना 'लडाइट' म्हणतात. शाळेत शिकवतात की हे अडाणी लोक यंत्राच्या विरुद्ध होते. तसं नव्हतं. अहो, ज्या यंत्रांवर त्यांचे बाप-आजे विणत आले, त्या यंत्रांवर त्यांचा राग कसा असेल? राग होता घसरलेल्या मजुरीवर, भाड्यावर आणि कमी दामात उसवणारा माल काढून धंदा बिघडवणाऱ्या मालकांवर. सरकारनं 1812 साली यंत्र फोडणाऱ्याला फाशीची शिक्षा देणारा कायदा केला. कवी बायरननं उमरावांच्या सभागृहात त्याविरुद्ध भाषण केलं, तरी कायदा झालाच.

आणि यंत्राचं भाडं? ते कायद्यानं बंद झालं 1874 साली. म्हणजे यंत्र निघाल्यापासून तब्बल 285 वर्षांनी! तोवर कितीक पिढ्या भाडं भरता भरता संपल्या.

एका मोज्याच्या दोन बाजू

पुढची गोष्ट थोडक्यात सांगते. मोठे कारखाने आले. 1864 साली विल्यम कॉटननं पायाच्या आकारात विणणारं यंत्र काढलं, मागे उभी शिवण असलेले रेशमी मोजे त्यावर निघू लागले. विसाव्या शतकात अमेरिकेत शहरातल्या कामकरी मुलींनाही ते हवेसे झाले. त्यासाठीचं बरंचसं रेशीम येई जपानमधून. तिथे ते कोण काढी? खेड्यातल्या कोवळ्या मुली. गिरणीमालक बापाला आगाऊ उचल देई, करारावर सही बापाची आणि कामावर जाई ती मुलगी. उकळत्या पाण्यातले कोश, वाफेनं कोंदलेली खोली, दिवसाचे बारा-चौदा तास. तरी त्या मुली गप्प राहिल्या नाहीत. 1886 साली कोफू शहरातल्या एका रेशीम गिरणीत त्यांनी संप केला. जपानमधल्या कारखाना कामगारांचा तो पहिला संप समजतात. तो केला मुलींनी!

1937 साली जपाननं चीनवर हल्ला केला. तेव्हा अमेरिकेतल्या काही महिला संघटनांनी ठरवलं की जपानी रेशमाचे मोजे घालायचे नाहीत. जानेवारी 1938 मध्ये वॉशिंग्टन शहरात त्यांनी सुती आणि रेयॉनच्या कपड्यांचं प्रदर्शन भरवलं, रेशमावाचून काही अडत नाही हे दाखवायला. आणि त्याच वेळी मोजे कारखान्यांतले कामगार, त्यात बायाही होत्या, निषेध करायला रस्त्यावर आले. त्यांचं म्हणणं साधं होतं. तुम्ही मोजे सोडाल, आमची चूल विझेल.

मैत्रिणींनो, हा प्रसंग मी मुद्दाम सांगते आहे. दोन्हीकडे भल्याच बाया होत्या. एकीकडे युद्धाला विरोध, दुसरीकडे पोटाचा प्रश्न. आपणही चळवळीत असताना अमुक वस्तू बंद करा, तमुक काम बंद करा असं म्हणतो. तेव्हा त्या कामावर जगणारी बाई बैठकीला बोलावलेली असते का? हे मी आधी स्वतःला विचारते, मग तुम्हाला.

मग 15 मे 1940 ला नायलॉनचे मोजे अमेरिकेत सगळीकडे विक्रीला आले. दुकानांपुढे रांगा लागल्या. 1941 मध्ये युद्धापायी जपानी रेशीम बंदच झालं. रेशमी मोज्याचा काळ तिथे संपला. जपानमधल्या त्या मुलींना कुणी विचारलं नाही, की आता तुम्ही काय करणार.

आपला कोसा

आता आपल्या जिल्ह्यात या. मोजे होत ते तुतीच्या रेशमाचे, मऊ आणि बारीक. आपला कोसा, म्हणजे तसर, निराळा. त्याचा किडा घरात नाही, रानात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतो. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या चार जिल्ह्यांत तसर होतं. आपल्याकडे ढिवर बांधव पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आले. पावसाळ्यात अंडीपुंज आणायचे, अळ्या झाडावर सोडायच्या आणि पाखरं, मुंग्यांपासून रात्रंदिवस राखण करायची.

1 मे 1999 ला भंडाऱ्यातून आपला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तेव्हा कोशाचीही वाटणी झाली असं मी गमतीनं म्हणते. रान आपल्याकडे आहे आणि नावाजलेले माग शेजारी मोहाडी, आंधळगावला. तिथले कोष्टी बांधव करवती काठाची तसर साडी विणतात. करवतीच्या दातांसारखा तिचा काठ, तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. साडीचं नाव झालं, विणकराचं झालं. पण झाडावरचा कोसा आणि मागावरची साडी यांच्या मधे एक माणूस आहे, तिचं नाव कुणी घेत नाही.

कोसा पाळणाऱ्या अनेक समाजांत बाईला पिकाच्या जागेवर जायची मनाई असते. विटाळ होतो, पीक मरतं म्हणे. राखणदार पुरुषानं बायकोपासून दूर राहायचं असाही नेम असतो. म्हणजे कोसा झाडावर आहे तोवर बाई विटाळाची. तोच कोसा घरात आला की त्याला उकळायचं कुणी, निवडायचं कुणी, त्यातून धागा काढायचा कुणी? बाईनंच! तेव्हा कुठे जातो विटाळ?

धागा कसा काढतात हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. कोसे सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ करतात. बाई जमिनीवर बसते, लुगडं वर सारून मांडी उघडी करते. चार-पाच कोशांचे तंतू एकत्र धरते, तळहातानं मांडीवर घासून पीळ देते आणि तयार धागा आसारीवर गुंडाळते. असं दिवसभर, वर्षानुवर्षं. मांडीची लव झडते, कातडी काळी पडते, घट्टे पडतात, चिरा पडतात, त्या चिघळतात. पाठ आणि मान धरते ती वेगळीच.

एमएसडब्ल्यू झाल्यावर मी पहिली दोन वर्षं मागाच्या गावांमध्ये काम केलं. एका घरी चार महिने जात होते, पण घरची आजी मागच्या खोलीत काय करते ते मला माहीत नव्हतं. दार कायम लोटलेलं. एकदा नातीला ताप होता म्हणून मी तशीच आत गेले. आजीनं झटकन लुगडं खाली ओढलं. मी पाहिलं ते पाहिलं. म्हटलं, "आजी, दवाखान्यात का नाही दाखवलं?" त्या म्हणाल्या, "मांडी दाखवाची कोनाले, पोरी? आन् दाखवून सांगाचं का? मी काम करतो म्हून सांगू? घरचे तर म्हनतेत, बसल्या बसल्या हात चालवते म्हातारी."

मैत्रिणींनो, त्या दिवशी मला एक गोष्ट कळली, ती पुस्तकात नव्हती. मांडी उघडी करावी लागते म्हणून दार लावावं लागतं. दार लावलं म्हणून काम कुणाला दिसत नाही. दिसत नाही म्हणून ते मोजलं जात नाही आणि मोजलं जात नाही म्हणून त्याला दाम नाही. विडी वळणाऱ्या आपल्या गोंदिया-तिरोड्याच्या बाया निदान ओट्यावर एकत्र बसतात, बोलतात, भावाची चर्चा करतात. मांडीवर धागा काढणाऱ्या दोघी शेजारणी एकत्र बसू शकत नाहीत. मग त्यांची संघटना कशी होणार?

विदेशातल्या बाईच्या पायावर रेशीम चढलं ते मिरवायला. इथल्या बाईच्या पायावर रेशीम चढलं ते कातडी सोलायला, आणि वर लाजेनं झाकायला.

मशीन आलं, पुढे काय?

मांडीवरचं काम बंद व्हावं म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाच्या संशोधन संस्थेनं छत्तीसगडमधल्या चांपा इथल्या एका उद्योजकाच्या साथीनं 'बुनियाद' नावाचं मशीन तयार केलं. 2019 साली केंद्र सरकारनं त्याचं वाटप सुरू केलं. तेव्हा सरकारनं दिलेले आकडे असे होते. मांडीवर धागा काढून बाईला दिवसाला सुमारे 125 रुपये मिळतात, मशीनवर सुमारे 350 मिळतील.

मी मशीनच्या बाजूची आहे, हे स्पष्ट सांगते. 'पारंपरिक कला टिकली पाहिजे' असं म्हणणारे शहरातले रसिक मला भेटतात. मांडीवरच्या धाग्याचा पोत काही वेगळाच, असं ते म्हणतात. मी त्यांना म्हणते, पोत वेगळा असेल, पण मांडी कुणाची? मशीनमुळे मजुरी वाढेल, कातडी वाचेल. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बाई अंगभर लुगडं नेसून, दार उघडं ठेवून, चारचौघींत बसून काम करू शकेल.

पण इथेच नॉटिंगहॅम आठवा. मी एका गावात पाहिलं, मशीनं आली बायांच्या नावावर. फोटो निघाले, अंगठे घेतले. सहा महिन्यांनी गेले तर सगळी मशीनं एका व्यापाऱ्याच्या पडवीत. कोसा त्याचा, वीज त्याची, म्हणून मशीन त्याच्याकडे, असा हिशेब. आणि बायांच्या मजुरीतून दर आठवड्याला 'मशीनचा खर्च' म्हणून पैसे कापले जात. ज्यांच्या नावावर मशीन, त्याच भाडं भरत होत्या! त्यांतल्या एकीला मी विचारलं, "ताई, मशीन तुमचं आहे हे माहीत आहे का?" ती म्हणाली, "अंगठा देल्ला होता, पन कशाचा ते नाही सांगतलं."

मी त्या दिवशी चिडले, व्यापाऱ्याशी भांडले. काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं त्या बायांना कोसाच दिला नाही. तीन आठवडे त्या घरी बसल्या आणि त्यांची मजुरी माझ्यामुळे बुडली. एकीनं मला तोंडावर सांगितलं, "तुमी जासान निंगून, आमाले इथंच रायचं हाय." ती चूक माझी होती. मी बायांशी आधी न बोलता त्यांच्या वतीनं भांडले. पुढे आम्ही रोज संध्याकाळी बसू लागलो. त्यांनी गटाच्या पैशातून स्वतः कोसा विकत घ्यायचं ठरवलं, थोडासाच, एका महिन्यापुरता. मग आपापली मशीनं उचलून गटातल्या एकीच्या ओसरीवर आणली. सगळ्या नाही आल्या. नऊपैकी पाच आल्या. उरलेल्या चौघी अजून पडवीतच बसतात आणि त्यांच्यावर माझा काही राग नाही.

आपण काय करायचं

तुम्ही गावागावांत काम करता. म्हणून काही साध्या गोष्टी सांगते.

पहिली, गावात कुठलंही मशीन आलं, धाग्याचं असो, शिलाईचं असो, तर तीन प्रश्न विचारा. कागद कुणाच्या नावावर? वस्तू कुणाच्या घरात? पैसा कुणाच्या हातात? तिन्हींची उत्तरं एकाच बाईपाशी येत नसतील तर ती योजना तिच्यापर्यंत पोचलेली नाही.

दुसरी, मजुरीची वही बाईकडेच हवी. किती कोसे घेतले, किती धागा दिला, काय कापलं. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्या. मुलीलाही आईचं काम काय आहे ते कळेल.

तिसरी, नोंद. 2019-20 च्या राष्ट्रीय हातमाग गणनेत देशभरात 35 लाखांवर विणकर आणि पूरक कामगार मोजले गेले. पूरक म्हणजे सूत भरणारे, ताणा करणारे, रंगवणारे. त्यात बाया बहुसंख्य आहेत. आपल्या घरातली धागा काढणारी बाई 'गृहिणी' म्हणून लिहिली जाऊ नये, हे बघायचं काम तुमचं. 2021 पासून ई-श्रम नोंदणी आहे, तिथे तिचं काम तिच्या कामाच्या नावानं लिहा. 'घरकाम' लिहू देऊ नका.

चौथी, दवाखाना. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंनो, तपासणीला आलेल्या बाईला 'काही त्रास आहे का' एवढंच विचारू नका. 'काम काय करता' हेही विचारा. तो प्रश्न विचारला तरच ती मांडीचं सांगेल, आणि तेही बाईनं विचारलं तरच.

आणि शेवटची. घरात बसून काम करणाऱ्यांना कामगार म्हणून हक्क मिळावेत असा आंतरराष्ट्रीय करार 1996 साली झाला, क्रमांक 177. तो व्हावा म्हणून आपल्या देशातल्या 'सेवा' संघटनेनं बरीच धडपड केली. भारत सरकारनं मात्र त्याला अजून मान्यता दिलेली नाही. आपल्या गटाच्या ठरावांत ही मागणी दरवर्षी असू द्या.

त्या आजींविषयी सांगून थांबते. आता त्यांना दिसत नाही, धागा काढणं सुटलं. मागच्या वर्षी भेटायला गेले तेव्हा सून ओसरीवर मशीनवर बसली होती, दार सताड उघडं. आजी बाजूला बसून कोसे चाचपून निवडत होत्या. मला म्हणाल्या, "पाय पसरून बसतो आता, पोरी." मी म्हटलं, "बसा ना आजी." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पन निवडाचे पैसे कोन देते, ते लिव त्या वहीत."

वही सुनेनं लगेच पुढे ओढली.